दोर बांधलेलं घर

मिंगेचं बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही. आणि बाईनं मिंगेचं बोलावणं करायचं नाही. आमच्या बेटावर हे दोन नियम आहेत. का, असं विचारायचं नाही. हा तिसरा नियम धरता येईल, पण तो कुणी धरत नाही, कारण आजवर कुणी विचारलेलंच नव्हतं.

मी एक घर बोलतंय. जगाच्या पार दक्षिणेला, चिलोएच्या समुद्रातल्या एका छोट्या बेटावरचं लाकडी घर. अंगावर माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक ठोकलेल्या फळ्या, डोक्यावर पत्रा, पायाखाली दगडांवर टेकवलेले खुंट. घर एकाच जागी राहतं असं जगात पुष्कळ लोक मानतात म्हणे. त्यांच्या घरांची मला काळजी वाटते.

आमच्याकडे जागा बदलायची झाली तर माणसं घर मागे टाकून जात नाहीत, बरोबर नेतात. घरधनी शेजाऱ्यांना विनवतो. शेजारी बैल घेऊन येतात, घराखाली ओंडके सरकवतात, दोर बांधतात आणि ओढतात. पैसे कुणी देत नाही, कुणी मागत नाही. घरधनी सगळ्यांना पोटभर जेवू घालतो, आणि उद्या त्यांच्याकडे काम निघालं की आपला खांदा घेऊन हजर होतो. ही मिंगा. घर हलवायची असते, बटाटे काढायची असते, होडी पाण्यात लोटायची असते. एकट्याला जमत नाही ते सगळं मिंगेत होतं.

माझा जन्म समोरच्या बेटावरचा. रोसामेल आणि ओर्फेलिनाचं लग्न ठरलं आणि दोघांनी मला बांधायला घेतलं. रोसामेलनं खांब उभे केले. फळ्या फोडल्या ओर्फेलिनानं, ठोकल्याही तिनंच. तिच्या अंगठ्याच्या नखावर तेव्हापासून एक काळी रेघ आहे. बेटावर मात्र मला ‘रोसामेलनं बांधलेलं घर’ म्हणतात. मी कधी चूक दुरुस्त केली नाही. मला कुणी विचारलंही नाही.

लग्नानंतर रोसामेलच्या वाट्याला त्याच्या बापाची किनाऱ्यालगतची जमीन आली, ती या बेटावर. म्हणून मला समुद्रातून आणायचं ठरलं. रोसामेल घरोघरी जाऊन विनवून आला. पण जेवू घालायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याचा थोरला भाऊ एलिएसेर म्हणाला, माझी मेंढी घे.

दोरांचा कारभार तेव्हापासून सांदालिओकडे आहे. कुठला दोर कुठे बांधायचा, कुणी कधी ओढायचं, हे तो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. त्यानं मेंढीकडे पाहिलं आणि हातातला दोर खाली ठेवला.

‘‘ही कुणाची?’’

‘‘भावाची,’’ रोसामेल म्हणाला.

‘‘मग मिंगा पण भावाचीच समजू का? घर त्याच्याच दारात नेऊन ठेवतो.’’

सगळे हसले. सांदालिओ हसला नाही. तो म्हणाला, ‘‘हे बघ, ज्याचं अन्न त्याची मिंगा. तुझं स्वतःचं काय आहे ते शिजव. नुसते बटाटे असले तरी आम्ही खाऊ.’’

मेंढी परत गेली. ओर्फेलिना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उतरली आणि टोपल्या भरभरून शिंपले खणून आणले. सगळ्यांनी शिंपले आणि बटाटे खाल्ले. ही गोष्ट रोसामेल पुढे जन्मभर जेवताना सांगायचा. सांदालिओचा आवाज काढून सांगायचा. त्याच्या मुलीला, येसेनियाला, ती तोंडपाठ झाली. मला तर झालीच.

भरतीच्या वेळी त्यांनी मला पाण्यात ओढलं. बाजूंना रिकामी पिंपं बांधली होती. होड्या पुढे, मी मागे. पाणी खिडकीच्या कडेपर्यंत आलं. मला पोहता येतं हे मला तेव्हा कळलं. पलीकडच्या किनाऱ्यावर बैल तयार होते. सांदालिओ ओरडला, सगळ्यांनी एकदम जोर केला, आणि मी ओलं गच्च जमिनीवर आलं. माणसं चिखलात पडली, उठली, एकमेकांच्या गळ्यात पडली. ज्यांचं आपसात बोलणं बंद होतं तेही.

त्या दिवशी मी माणसांना पहिल्यांदा एकत्र सुखी पाहिलं. त्यात गूढ काही नाही. एकट्याला न हलणारी वस्तू सगळ्यांनी मिळून हलवली की माणसाला आपण बरे आहोत असं वाटतं, शेजारी बरा आहे असंही वाटतं. हे दुसरं जास्त दुर्मीळ.

बायका त्या वेळी खड्ड्याभोवती होत्या. मिंगेचं जेवण खड्ड्यात शिजतं. तापवलेले दगड, त्यावर शिंपले, मांस, बटाटे, वर छत्रीएवढी पानं, त्यावर गवताची ढेकळं. लक्ष द्यावं लागतं. त्यामुळे मी किनाऱ्याला लागलं तेव्हा त्यांची माझ्याकडे पाठ होती.

नंतरची वर्षं चांगली गेली. रोसामेल कुणाच्याही मिंगेला गेला की संध्याकाळी सफरचंदाची दारू पिऊन, गाणं म्हणत परत यायचा. ओर्फेलिना त्याच मिंगेहून भांडी घासून, अंधार पडल्यावर यायची. बोटं भाजलेली असायची. तो म्हणायचा, ‘‘आज काय ओढलं आम्ही!’’ ती म्हणायची, ‘‘हो का?’’ तिनं पाहिलेलं नसायचं.

मग एका धुक्याच्या सकाळी रोसामेलची होडी परत आली, रोसामेल आला नाही.

बेट धावून आलं. हे मला सांगितलंच पाहिजे. नऊ दिवस माझ्यात प्रार्थना झाल्या. कुणी लाकडं फोडून दिली, कुणी पीठ आणलं, कुणी नुसतंच चुलीपाशी बसून राहिलं, तेही कामच असतं. नवव्या दिवशी निघताना प्रत्येकानं दारात ओर्फेलिनाचा हात धरून म्हटलं, ‘‘काही लागलं तर सांग.’’

आणि सांगायची सोय नव्हती. कारण मिंगेचं बोलावणं बाईनं करायचं नसतं. ज्या घरात पुरुष नाही ते घर उद्या परतफेड कशी करणार? परतफेड खांद्यानं आणि बैलानं होते. ओर्फेलिनाकडे बैल नव्हता, आणि खांदे होते ते कुणी खांद्यांत धरत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात माझा पत्रा उडाला. ती शिडी लावून एकटी वर चढली. शेजारून जाणारे दोघं थांबले. एक म्हणाला, ‘‘वहिनी, जपून हं!’’ आणि ते गेले. सांगतात ते खोटं नाही, आमच्या बेटावर माणसं फार प्रेमळ आहेत.

समुद्र मात्र नियम पाळत नाही. दर वर्षी तो किनाऱ्याची थोडी माती नेऊ लागला. आधी कुंपण गेलं, मग सफरचंदाचं झाड. मग मोठ्या भरतीला पाणी माझ्या स्वयंपाकघराखाली येऊ लागलं. ओर्फेलिना ओहोटीला खाली वाकून खुंटांशी दगड रचायची. भरती ते काढायची. दोघींचा क्रम ठरून गेला होता.

येसेनिया तेव्हा वाल्दिव्हियाला कॉलेजात होती. सुट्टीत आली की आधी घराखाली वाकून बघायची आणि मग आईला भेटायची.

अशाच एका सुट्टीत राजधानीहून एक बाई आली. कोणती गावं सुखी असतात आणि का, हे शोधत ती देशभर फिरत होती. बेटावरच्या वडीलधाऱ्यांनी तिला माझ्या स्वयंपाकघरात बसवलं, कारण माझी चूल चांगली आहे आणि ओर्फेलिनाच्या हातची बटाट्याची भाकरी त्याहून चांगली. सांदालिओ होता, एलिएसेर होता, आणखी दोन-तीन म्हातारे. ओर्फेलिना वाढत होती. येसेनिया भांडी विसळत होती.

‘‘तुमच्याकडचे लोक इतके समाधानी कसे?’’ पाहुणीनं विचारलं.

‘‘आमच्याकडे कुणी कुणाला नाही म्हणत नाही,’’ सांदालिओ म्हणाला. ‘‘एवढंच आहे बघा. माणूस एकटा पडत नाही.’’

‘‘आणि पाऊस,’’ एलिएसेर म्हणाला. ‘‘बाहेर पाऊस पडत असला की घरातला माणूस आपोआप सुखी होतो.’’

येसेनियानं वळून विचारलं, ‘‘आईला विचारलंत का?’’

‘‘तिला काय विचारायचंय?’’ एलिएसेर भाकरी मोडत म्हणाला. ‘‘तिच्याच घरात तर बसलोय.’’

पाहुणी भली होती. ती ओर्फेलिनाकडे वळली. ‘‘तुम्ही सुखी आहात?’’

ओर्फेलिनानं थोडा विचार केला. ‘‘चहा देऊ अजून?’’

‘‘पाहिलंत?’’ एलिएसेर म्हणाला. ‘‘आहे की नाही समाधानी?’’

पाहुणीनं मान डोलावली. तेवढ्यात खाली भरतीचं पाणी खुंटांवर आदळलं आणि टेबलावरचे कप किणकिणले. सगळ्यांनी आपापला कप धरला.

लोक गेल्यावर येसेनिया आईला म्हणाली, ‘‘ज्यांना वाढलं जातं त्यांना विचारून ही बाई गाव सुखी ठरवणार. वाढणारीला विचारलं तर ती चहा विचारते! आई, तू मिंगा का नाही बोलवत? वर आजीचं शेत आहे तुझ्या नावावर. तिथे जाऊ.’’

‘‘घरात पुरुष नाही. परतफेड कोण करणार?’’

‘‘तू सगळ्यांच्या मिंगेत राबली आहेस. ती परतफेड नाही?’’

‘‘ते राबणं नव्हे. ते जेवण.’’

‘‘हे तुला कुणी सांगितलं?’’

ओर्फेलिनाला आठवेना. तिनं फडकं पिळलं आणि दोरीवर टाकलं.

शेवटी तोडगा एलिएसेरनं काढला. तो वाईट माणूस नाही. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि मुलाला घर नव्हतं. तो सांदालिओला घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘ओर्फेलिना, मिंगा मी मागतो, माझ्या नावावर. घर माझ्या जमिनीत आणून ठेवू. पुढच्या दोन खोल्या पोरांना. तू स्वयंपाकघरात राहा. ऊबही तिथेच असते.’’

‘‘आणि घर कुणाचं?’’ येसेनियानं विचारलं.

‘‘घरातल्या घरात कुणाचं म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे तुमचं.’’

सांदालिओ खाकरला. ‘‘पोरी, कॉलेजात शिकलीस, चांगलं झालं. आता इथे आल्यावर थोडं विसरायलाही शीक. नाहीतर समुद्र आहेच. त्याला विचार घर कुणाचं ते.’’

ओर्फेलिना चुलीत लाकूड सारत होती. ‘‘बुडण्यापेक्षा बरं,’’ ती म्हणाली. एवढ्यावर ठरलं. येसेनिया बाहेर गेली आणि दार आपटलं. ते माझं दार होतं, पण मी समजून घेतलं.

मग जेवणाचा विषय निघाला. एलिएसेर दारातून जाता जाता म्हणाला, ‘‘ओर्फेलिना, मेंढी तुझीच घे हं. माझ्या मेंढ्या मला पोराच्या लग्नाला लागतील. बटाटे तर तुझे आहेतच.’’

ओर्फेलिना हो म्हणाली. नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. येसेनिया बाहेर पायरीवर बसली होती. तिनं हे ऐकलं आणि तिचा पाय हलायचा थांबला.

आज ती मिंगा आहे.

माझ्या खिडक्या काढून ठेवल्या आहेत, म्हणून मला नेहमीपेक्षा जास्त ऐकू येतंय. आतून आडव्या-तिरक्या फळ्या ठोकून मला आवळलं आहे. खुंटांवरून उचलून ओंडक्यांवर घेतलं आहे. पत्र्यावर झेंडा लावला आहे. दोर एलिएसेरच्या जमिनीच्या बाजूला बांधले आहेत आणि पुढे बैलांच्या जोड्या तोंडातून वाफ सोडत उभ्या आहेत. सकाळीच सगळ्यांनी मेंढीचा रस्सा प्यायला. दोनदा मागून घेतला. मागे खड्ड्यातून धूर निघतोय.

आमच्याकडे दोर ओढण्याआधी मागणाऱ्यानं घराच्या उंबऱ्यावर उभं राहून सगळ्यांसमोर एकदा विनवायचं असतं. मग सांदालिओ ओरडतो आणि काम सुरू होतं.

‘‘मागणारा येऊ दे वर!’’ सांदालिओ म्हणाला.

एलिएसेरनं टोपी सारखी केली आणि निघाला. तो पोचला तेव्हा उंबऱ्यावर येसेनिया उभी होती.

‘‘उतर गं,’’ सांदालिओ म्हणाला. ‘‘मागणाऱ्याची जागा आहे ती.’’

‘‘म्हणून तर उभी आहे.’’

बैलांजवळ कुणीतरी हसलं. एलिएसेर हळू आवाजात म्हणाला, ‘‘येसेनिया, तमाशा नको. बैल ताटकळलेत.’’

‘‘बैलांना मी समजावते काका. आधी एक सांगा. सकाळी रस्सा कुणी कुणी प्यायला?’’

आता सगळेच हसले. कोण नव्हतं प्यायलं?

‘‘मेंढी कुणाची होती?’’

हसू जरा कमी झालं. खड्ड्याजवळ सांदालिओची बायको लुदगार्दा ढेकळं सारखी करत होती. ती न वळताच म्हणाली, ‘‘ओर्फेलिनाची. काळ्या तोंडाची.’’

‘‘बटाटे, लुदगार्दाआजी?’’

‘‘तिचेच. वरच्या शेतातले.’’

‘‘आणि एलिएसेरकाकांचं काय आहे खड्ड्यात?’’

लुदगार्दानं प्रामाणिकपणे विचार केला. ‘‘मीठ,’’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘‘छे, तेही आणतो म्हणाले होते. मग मीच आणलं.’’

एलिएसेरनं टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली.

‘‘सांदालिओआजोबा,’’ येसेनिया म्हणाली, ‘‘हे घर समुद्रातून आणलं तेव्हा काकांची मेंढी तुम्ही परत पाठवलीत. माझ्या बाबांना काय म्हणाला होतात?’’

सांदालिओ दोराची गाठ तपासू लागला. गाठ चांगली होती. ‘‘ते वेगळं होतं,’’ तो म्हणाला.

‘‘वेगळं काय होतं?’’

‘‘रोसामेल पुरुष होता.’’

‘‘मेंढी तेव्हाही मेंढीच होती, आजोबा.’’

या वेळी बायका हसल्या. खड्ड्याभोवतीच्या सगळ्या बायका आता वळून उभ्या होत्या. मिंगेच्या दिवशी माझ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या बायका मी पहिल्यांदाच पाहत होतो, नव्हे, पाहत होतं. गडबडून गेल्यावर माझी भाषा बिघडते.

‘‘आई,’’ येसेनियानं हाक मारली. ‘‘ये.’’

ओर्फेलिना जागची हलली नाही. तिनं एप्रनला हात पुसले. ते कोरडेच होते, पुन्हा पुसले. मग ती चालत आली, एलिएसेरच्या शेजारून गेली आणि उंबऱ्यावर चढली. तिचं वजन मला ओळखीचं आहे. आज ते नेहमीच्या जागी पडलं नाही. नेहमी ती घाईत आत जाते. आज ती थांबली, आणि बाहेर तोंड करून उभी राहिली.

ती इतकं हळू बोलली की मागच्या लोकांना पुढच्यांनी सांगावं लागलं.

‘‘शेजाऱ्यांनो, मी विनवते. माझं घर हलवायचंय. वर, माझ्या शेतात. तुमचे हात लागतील.’’ मग म्हणाली, ‘‘जेवायला घालीन. नेहमी घालते तसं.’’

मिंगेचं बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही. बाईनं बोलावणं करायचं नाही. दोन्ही नियम माझ्या उंबऱ्यावर शेजारीशेजारी उभे राहिले आणि सगळे म्हातारे सांदालिओकडे बघू लागले. सांदालिओनं कुणाकडे बघावं हा प्रश्न होता. त्यानं लुदगार्दाकडे बघितलं. तिनं हातातलं फावडं जमिनीत रोवलं आणि त्यावर हनुवटी टेकून त्याच्याकडेच बघत राहिली.

शेवटी तो उंबऱ्याजवळ आला. आवाज मऊ होता. त्याला खरंच वाईट वाटत असावं.

‘‘पोरी, आईला खाली घे. असं आजवर झालेलं नाही. आत्ता एलिएसेरला वर येऊ दे, घर आज सुरक्षित जागी जाऊ दे. बाकीचं आपण नंतर बसून बोलू. जुन्या माणसांचं ऐकायचं असतं.’’

‘‘नाही,’’ येसेनिया म्हणाली.

तिनं ते ओरडून म्हटलं नाही. पण हा शब्द मिंगेत कुणी काढत नाही. असा एकटा उभा राहिलेला तो माझ्या फळ्यांनी कधी ऐकलेला नव्हता. एलिएसेर बुटावरचा चिखल बघत राहिला. बाकीचे म्हातारे दोर धरून उभे होते, आणि धरलेल्या दोराचं काय करायचं हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. नुसता खड्ड्यातल्या दगडांचा तडतड आवाज येत होता.

मी अजून तसंच आहे. पायाखाली ओंडके, पाठीशी समुद्र, दोर एका बाजूला, आणि उंबऱ्यावर दोघी. त्या उतरत नाहीत. म्हातारे बोलत नाहीत. पोटात मात्र सगळ्यांच्या ओर्फेलिनाची मेंढी आहे, आणि ते सगळ्यांना माहीत आहे.

मी घर आहे. नियमांतलं मला काय कळणार? मला एवढंच माहीत आहे की मी त्या दिवशी समुद्रातून आलं तेव्हा ही सगळी माणसं फार सुखी होती, आणि तेव्हा निम्म्या माणसांची माझ्याकडे पाठ होती. आता ती वळली आहेत. म्हणून एक विनंती करतंय. बोलायचं नसेल तर नका बोलू. पण दोर सोडून दुसऱ्या बाजूला बांधायला फार वेळ लागत नाही. भरती यायच्या आत तेवढं करा.